हरसूलच्या जंगलात लटकणारं घरटं दिसलं, पक्षी कोणता असेल?

सायकलवाली_नाशिक

नमस्कार मंडळी. मे महिन्यातल्या या रविवारी आम्ही काही जण गिरणाऱ्यावरून वाघेरा घाटाने हरसूलच्या बाजूला गेलो होतो. परतताना ऊन फारच झालं म्हणून रस्ता सोडून थोडं आत एका कोरड्या ओहोळाशी आंब्याखाली थांबलो, पाणी पिताना वर बघितलं तर फांदीच्या अगदी टोकाला पानांच्या झुबक्यात काहीतरी लटकत होतं. पहिल्या नजरेत वाळकं पानच वाटतं, पण वाऱ्याने फांदी फिरली की त्याला तोंड आहे हे कळतं.

आकार माझ्या मुठीपेक्षा थोडा मोठा. रंग फिकट तांबूस, त्यात गुलाबीची झाक. काडी, गवत असं काहीच बाहेर आलेलं नाही, सगळं मऊ आणि दाबून बसवलेलं, आजीच्या बटव्यासारखं. वरचं टोक डहाळीला गुंडाळून पक्कं केलेलं आणि एका बाजूला वरच्या भागात उभी फट. जमिनीपासून पहिल्या मजल्याच्या खिडकीएवढं तरी उंच असेल.

आम्ही बसलेलो असताना एक इवलासा पक्षी अधूनमधून येत होता, चिमणीपेक्षा खूपच लहान, वरून हिरवट-राखाडी, खालून मळकट पांढरा. फटीत डोकं घातलं की दोन सेकंदात गायब. आवाज मात्र सतत, बारीक चिक् चिक् चिक्. मोबाईलवर काढलेला फोटो एवढा धूसर आलाय की पक्षी ओळखून देणारं मर्लिन अॅपपण काही धड सांगत नाहीये.

सोबतच्या एकाने फांदी काठीने खाली ओढून आत बघू म्हटलं, मी अजिबात हात लावू दिला नाही. सुगरणीचे खोपे लहानपणापासून बघत आलेय, हे तसं नाही एवढं नक्की. नुसत्या घरट्यावरून पक्षी ओळखता येतो का? आणि परत गेले तर नेमकं काय बघू?

देवळालीकर

ताई, मला तर सुगरणच वाटते. नर सुगरण बरेच खोपे अर्धवट बांधून सोडून देतो, त्याला नळी नसते, लांबून आखूडच दिसतो. आमच्याकडे दारणेच्या काठाला बाभळींवर असे कितीतरी लटकलेले असतात. फोटो धूसर का असेना, टाका की.

नांदूर_ते_बोरगड

देवळालीकर दादा, अर्धवट खोप्याचा मुद्दा बरोबर आहे पण इथे सुगरण बसत नाही, आणि त्याची कारणं ताईंनी स्वतःच लिहून ठेवलीत.

पहिलं म्हणजे महिना. सुगरण आपल्याकडे पावसाच्या भरवशावर घरटी करते, साधारण जून ते सप्टेंबर, कारण विणायला ओलं, हिरवं, लवचिक पातं लागतं, गवताचं नाहीतर शिंदीच्या पानाचं चिरून काढलेलं. मे महिन्यात ते हरसूलच्या जंगलात आणणार कुठून? गेल्या वर्षीचे खोपे लटकत राहतात हे खरं, पण ते वाळून करडे झालेले असतात, काड्या सुटलेल्या असतात आणि सहसा एकटे नसतात, विहिरीवर किंवा नाल्यावर झुकलेल्या एकाच झाडाला वस्तीच्या वस्ती असते.

अर्धवट खोप्याचं म्हणाल तर पूर्ण खोप्याला नराला साधारण १८ दिवस लागतात, त्यातल्या पहिल्या ८ दिवसांत तो हेल्मेट स्टेजपर्यंत, म्हणजे खालून उघड्या टोपीसारख्या अर्ध्या खोप्यापर्यंत, येतो. मग मादी येऊन आत-बाहेर फिरून बघते, तिला पसंत पडला तरच पुढे नळीचं काम होतं, नाहीतर तो तसाच राहतो. पक्षीतज्ज्ञ सालीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला सुगरणींची वस्ती रोज बघून हे टिपलं होतं, एकच नर एकामागून एक खोपे बांधतो आणि वेगवेगळ्या माद्यांशी जोडी जमवतो हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं. पण खोपा कितीही अर्धवट असला तरी विणकाम लपत नाही, खालून बघितलं तरी पात्यांचे पीळ दिसतात. ताई म्हणतायत काडी नाही, गवत नाही, सगळं मऊ. म्हणजे हे विणलेलं नाही, थापून केलेलं आहे. हा फरक फार मोठा आहे.

आता घरट्यावरून ओळखता येतं का, तर कुटुंब बहुतेक वेळा कळतं, नेमकी जात कळायला पक्षी बघावाच लागतो. मी सगळ्यात आधी तोंड कुठे आहे ते बघतो. हळद्या आणि चष्मेवाला यांची घरटीपण लटकतीच म्हणतात पण ती वरून उघडी असतात, दोन डहाळ्यांच्या बेचक्यात टांगलेली वाटी. शिंपी पानं शिवून आत कापूस भरतो, म्हणजे बाहेरून हिरवं पानच दिसणार. बाजूला तोंड असलेलं, बंद आणि एवढं लहान घरटं म्हटलं की आपल्या भागात शिंजीर किंवा फुलटोचा, म्हणजे सनबर्ड किंवा फ्लॉवरपेकर, हे दोन आधी डोळ्यासमोर येतात.

तुम्ही एवढं सांगा. तोंडाच्या वर छज्जा होता का? खालच्या बाजूला कचऱ्याची शेपटी लोंबत होती का? पक्ष्याची चोच लांब वाकडी होती की आखूड? आणि त्या झाडावर किंवा आजूबाजूला काय फुललं-फळलं होतं?

गंगापूर_रोड_बर्डर

माझं मत शिंजीर. आमच्या बिल्डिंगमध्ये कपडे वाळत घालायच्या तारेला जांभळ्या शिंजीरने घरटं केलंय, दोन हातांवरून बघायला मिळतंय म्हणून सांगतो. बांधायचं काम मादी एकटी करते, नर नुसता जवळपास फिरतो आणि गातो. आधी कोळ्याचं जाळं आणून तारेला गुंडाळते, मग त्यात काय वाट्टेल ते चिकटवते, झाडाच्या सालीचे तुकडे, वाळकी पानं, अळ्यांच्या लेंड्या, कागदाचे कपटे, आमच्या इथे तर राखीचा लाल दोरासुद्धा आहे. नंतर मधून तोंड पाडून आत बसते आणि अंगाने दाबून दाबून पोकळी करते. अंडी साधारण दोन, उबवणं १५-१७ दिवस, तेही मादीच करते, पिल्लांना भरवायला मात्र नरपण येतो.

मादी वरून हिरवट तपकिरी, खालून पिवळसर असते, ताईंच्या वर्णनाशी थोडं जुळतं. पण ते मऊ, स्वच्छ, गुलाबीसर प्रकरण मात्र जुळत नाही हे मलापण खटकतंय. शिंजीरचं घरटं लांबून बघितलं तर जाळ्यात अडकलेला कचराच वाटतो, आणि तोच त्याचा बचाव आहे.

सायकलवाली_नाशिक

सगळ्यांना धन्यवाद, एवढं सविस्तर लिहाल वाटलं नव्हतं. फोटो मोठा करून परत परत बघितला. छज्जा नाहीये, फटीच्या वरचा भाग सरळ गुळगुळीत डहाळीपर्यंत जातो. खाली शेपटी नाही, तळ गोल आहे. चोच लांब वाकडी तर नक्कीच नव्हती, शिंजीर आमच्या सोसायटीत जास्वंदीवर रोज बघते त्यामुळे ती लगेच लक्षात आली असती.

आणि एक गोष्ट आधी लिहायची राहिली, त्या आंब्याच्या वरच्या फांद्यांवर मध्येच वेगळ्याच पानांचा जाड गुच्छ होता. पानं आंब्याची नाहीत, जाडसर आणि रुंद, आणि त्याला बोराच्या बीएवढी लालसर फळं. तो पक्षी घरट्यावरून उडाला की बहुतेक वेळा तिकडेच जात होता. याचा काही संबंध असेल का?

हरसूल_मास्तर

ताई, संबंध आहेच, मी तर म्हणेन अर्धं उत्तर तुम्ही तिथेच दिलंत. तो गुच्छ म्हणजे बांडगूळ. मी या भागातल्याच एका शाळेत शिकवतो, शाळेच्या आवारातल्या आंब्यावर दोन मोठी बांडगुळं आहेत आणि मधल्या सुट्टीत मुलांना मी मुद्दाम तिथे उभं करतो, कारण वर जे चालतं ते पुस्तकात वाचून कळत नाही.

फुलटोचा फळ तोडतो, वरची साल सोडवतो आणि बी सकट आतला गर गिळतो. थोड्याच वेळात ते बी जसंच्या तसं बाहेर येतं. पण ते एवढं चिकट असतं की खाली पडतच नाही, त्याची चिकट तार पक्ष्याच्या मागे लोंबत राहते. मग तो फांदीवर बसून मागची बाजू फांदीला घासतो, बी तिथे चिकटतं आणि ओल मिळाली की रुजून आपलं मूळ सरळ सालीत घुसवतं. म्हणजे नवं बांडगूळ लागतं ते बरोबर फांदीवरच, त्याला जिथे जगता येतं तिथेच. बांडगूळ फुललं की हाच पक्षी मध प्यायला, फळलं की फळ खायला. मुलांना हे एकदा दिसलं की ती घरी जाऊन सांगतात आणि मग पालक मला विचारायला येतात, मला तो दिवस फार आवडतो.

कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसाराला शिंजीर आणि फुलटोचे कसे हातभार लावतात यावरही सालीम अलींनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलंय, कुणाला खोलात जायचं असेल तर ते जरूर शोधा.

तर बांडगूळ असलेलं झाड, त्यावरच थापलेल्या लवीचा बंद लटकता खोपा, छज्जा नाही, शेपटी नाही. माझ्या मते फुलटोचा.

नांदूर_ते_बोरगड

मास्तरांशी पूर्ण सहमत. झाडाची मऊ लव आणि कोळ्याचं जाळं एकत्र थापून फुलटोचा घरटं करतो म्हणून ते नमद्यासारखं एकसंध लागतं, रंग तांबूस-गुलाबी, तोंड म्हणजे फट. सगळं जुळलं.

आता राहिला प्रश्न फुलटोचा कोणता. आपल्याकडे दोन नेहमी दिसतात, टिकेलचा म्हणजे फिकट चोचीचा, आणि दुसरा जाड चोचीचा. दोघांची घरटी एकाच पद्धतीची, मे महिन्यात दोघांची वीण चालू असू शकते, त्यामुळे घरट्यापाशी अडून बसू नका, पक्षी बघा. टिकेलच्या फुलटोच्याची चोच बारीक, किंचित वाकलेली, फिकट मांसल रंगाची, आणि छाती साधी, रेघा नाहीत. जाड चोचीच्याची चोच नावाप्रमाणे जाड आणि गडद, छातीवर पुसट रेघा, आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे तो बसल्या बसल्या शेपटी डावी-उजवीकडे झटकत राहतो. चोच दिसली नाही, प्रकाश वाईट असला तरी ही सवय दिसते. नर-मादी दोघेही दिसायला सारखेच, त्यामुळे नर कोणता मादी कोणती यात वेळ घालवू नका. आणि टिकेलचा फुलटोचा जेमतेम ८ सेंटीमीटरचा असतो, भारतातल्या सगळ्यात छोट्या पक्ष्यांमध्ये त्याची गणना होते, म्हणून तुम्हाला तो तेवढा इवला वाटला.

परत जाणार असाल तर एक कळकळीची विनंती. झाडाच्या बुंध्यापाशी जाऊ नका, २०-२५ पावलं लांब एखाद्या सावलीत बसा, बायनॉक्युलर घेऊन जा. घरट्यासमोरची पानं फोटोसाठी बाजूला करणं, फांदी बांधून ठेवणं हे प्रकार मी डोळ्यांनी बघितलेत, आणि त्यानंतर मे महिन्याच्या उन्हात उघडी पडलेली पिल्लंपण बघितलीत. ती पानं म्हणजे त्यांची सावली असते आणि शिक्र्यापासून, कावळ्यापासून आडोसाही तोच. घरट्यावर सारखी माणसं उभी राहिली की आई-बाप येत नाहीत आणि कावळ्याला मात्र पत्ता लागतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरट्याला त्रास देणं शिकारीच्या व्याख्येत येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तुम्ही त्या मित्राला काठी लावू दिली नाहीत ते फार चांगलं केलंत.

देवळालीकर

शेपटी झटकायची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, माझ्याकडे कॅमेरा नाही, मला अशाच गोष्टी उपयोगाच्या. एक विचारू का, शहरात दिसेल का हा फुलटोचा? की हरसूल-पेठलाच जावं लागेल?

गंगापूर_रोड_बर्डर

दिसेल की. सिंगापूर चेरीचं झाड शोधा, बऱ्याच सोसायट्यांच्या कंपाउंडला लावलेलं असतं. त्याच्या खाली सकाळी उभे राहा आणि वर न बघता आधी नुसतं ऐका. कडक, तुटक चिक् चिक् वरून येत राहतं, एवढ्याशा जिवाच्या मानाने आवाज मोठा आहे. मग वर बघा. बांडगूळ असलेला जुना आंबा असेल तर तोही चालेल. शहरातून ही झाडं जशी कमी होतायत तसा हा पण कमी होणार, त्याची मला खरंच काळजी वाटते, कारण रस्ता रुंद करताना सगळ्यात आधी जुना आंबाच जातो.

दिंडोरीची_बाग

विषय छान चाललाय पण मला शेतकरी म्हणून विचारायचंय. आमच्या बांधावरच्या आंब्यांना बांडगुळाने अक्षरशः खाल्लंय, फांदी पुढून वाळत जाते, मोहोर येत नाही. दर वर्षी काढतो तरी परत येतं, ते या पक्ष्यामुळे का? मग आम्ही काय करायचं, आंबा वाचवायचा का पक्षी?

हरसूल_मास्तर

भाऊ, प्रश्न अगदी योग्य आहे. बांडगूळ हिरवं असतं, स्वतःचं अन्न स्वतः बनवतं, पण पाणी आणि क्षार मात्र आंब्याचे ओढतं, म्हणून त्याच्या पुढची फांदी उपाशी पडते. बागेतल्या उत्पन्नाच्या झाडावरून ते काढलंच पाहिजे, त्यात काही चूक नाही. फक्त दोन गोष्टी बघा. एक, नुसती पानं ओरबाडून उपयोग नाही, जिथे ते आंब्यात शिरलंय त्या गाठीच्या बरंच खालून फांदी कापावी लागते, नाहीतर आत राहिलेल्या भागातून परत फुटतं. दुसरं, फळं धरायच्या आधी काढा. फळं धरली की फुलटोचा येणारच आणि शेजारच्या फांदीवर बी लावणारच. लवकर काढलं की तुमचंही काम होतं आणि त्या झाडावर त्याची वीणही सुरू झालेली नसते. उन्हाळ्यात कापायची वेळ आलीच तर फांदी खाली पाडायच्या आधी टोकाचे झुबके एकदा खालून नीट बघून घ्या, ताईंना दिसलं तसं काही लटकतंय का ते.

जंगलातल्या आंब्यावरचं मात्र राहू द्या. तिथे कुणाचं उत्पन्न अडलेलं नाही आणि भर उन्हाळ्यात, जेव्हा सगळं वाळलेलं असतं, तेव्हा रसाळ फळ देणारं फार थोडं उरतं.

दिंडोरीची_बाग

पटलं मास्तर. आमच्यात छाटणी करणारा माणूस वरवरचंच काढत होता. यंदा पाऊस उघडला की गाठीच्या खालून घेतो, आणि ओढ्याकडेचं एक जुनं रायवळ आहे त्याला हात लावत नाही.

सायकलवाली_नाशिक

परत जाऊन आले! या वेळी सायकलवाली सगळी गॅंग नेली नाही, मी आणि बहीण दोघीच, आणि बायनॉक्युलर मागून घेतला होता. उजाडायच्या सुमाराला पोचलो, ओहोळाच्या पलीकडच्या काठाला करवंदीच्या जाळीआड बसलो, तिथून घरटं सरळ समोर येत होतं.

चोच बारीक, टोकाला किंचित खाली वळलेली, फिकट, सकाळच्या उन्हात गुलाबीसर दिसत होती. छातीवर एकही रेघ नाही. आणि शेपटी, मी बराच वेळ फक्त शेपटीच बघत बसले होते, अजिबात झटकत नाही, इकडून तिकडे उड्या मारताना हलते तेवढीच. दोन्ही पक्षी एकदम दिसले, एक फटीपाशी लटकलेला आणि दुसरा वरच्या डहाळीवर वाट बघत, दोघे अगदी एकसारखे. म्हणजे टिकेलचा फुलटोचा, बरोबर ना?

आत पिल्लं आहेत. मोठा पक्षी आला की फटीची कड आतून ढकलल्यासारखी बाहेर येते आणि नारिंगी तोंडं दिसतात, किती ते मोजता आलं नाही. भरवायला कधी किडा, बहुतेक कोळी, तर कधी बांडगुळाचं फळ. आणि मास्तर, तुम्ही लिहिलेलं ते सगळं बघायला मिळालं, एक पक्षी वाळक्या फांदीवर आडवा बसून मागची बाजू घासत होता, बायनॉक्युलरमधून ती चिकट तार चमकताना दिसली, तो उडाल्यावर पण बी तिथेच. बहिणीला पक्ष्यांची काही आवड नव्हती, ती निघायलाच तयार नव्हती.

फोटो लांबून काढलाय, बरा आलाय, चोच दिसते. टाकते.

गंगापूर_रोड_बर्डर

शंभर टक्के टिकेलचा फुलटोचा. अभिनंदन ताई! फोटोत दुसरा मागे धूसर दिसतोय तोही तोच. जागेचं लोकेशन पाठवाल का, मलाही शनिवारी जाता येईल.

नांदूर_ते_बोरगड

दादा, रागावू नका, पण पिल्लं बाहेर पडेपर्यंत लोकेशन कुणालाच नको, मलाही नको. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही, पण एकाचे दोन, दोनाचे दहा व्हायला वेळ लागत नाही आणि ते झाड रस्त्यापासून जवळ आहे. तुमच्या रोडवरच्या सिंगापूर चेरीवर आधी शोधा, तिथेही घरटं असू शकतं.

ताई, ही नोंद ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, नक्की टाका. घरट्यात पिल्लं आहेत असा ब्रीडिंग कोड त्यात निवडता येतो, तो निवडा, आणि जागा नेमक्या झाडाची पिन न लावता हरसूल परिसर एवढीच मोघम द्या. शेऱ्यात आंब्याचं झाड, बांडगूळ, घरट्याची अंदाजे उंची आणि काय भरवत होते ते लिहा. नाशिकमधून पक्ष्यांच्या याद्या ढिगाने येतात, पण कोण काय भरवतो हे लिहिणारे फार कमी आहेत.

सायकलवाली_नाशिक

आज रात्रीच भरते. उंची पहिल्या मजल्याची खिडकी असं न लिहिता १२ फूट लिहू का?

नांदूर_ते_बोरगड

अंदाजे ४ मीटर लिहा.